फवाऱ्याचा कस

पावसाळा ओसरून दिवाळीची सुट्टी लागली की मुंबईतील कित्येक व्यापारी कुटुंबांची पावले किहीमकडे वळतात. गेटवेवरून किंवा भाऊच्या धक्क्यावरून मांडवा आणि तेथून चोंढीमार्गे किहीम, ही वाट आता अनेकांच्या सरावाची झाली आहे. जूनपासून बंद असलेले बंगले उघडले जातात, ओल धरलेल्या गाद्यांना ऊन दाखवले जाते, आणि दिवेलागणीच्या आत घरातील कोणीतरी डासांचा फवारा हाती घेऊन एकेका खोलीतून फिरते. फरशीवर दोन-चार डास पडलेले दिसले की काम झाल्याचे समाधान वाटते.

सोने घेताना आपण त्याचा कस पाहतो, कापड घेताना पोत पाहतो, धान्य घेताना मूठभर दाणे तळहातावर घेऊन निरखतो. डासांच्या फवाऱ्याच्या बाबतीत मात्र ‘डास पडला’ एवढीच खूण आपल्याला पुरेशी वाटते. ही खूण खरी आहे काय? जैन कुटुंबासाठी हा प्रश्न केवळ चार पैशांचा नाही. डास हा चतुरिंद्रिय जीव आहे. फवारा मारताना त्याची हिंसा घडते हे आपण जाणतो. घरातील लहानग्यांना आणि वृद्धांना डेंग्यू किंवा हिवताप होऊ नये म्हणून नाइलाजाने ती पत्करतो. पण त्या फवाऱ्याने रोग टळतच नसेल, तर हिंसा पदरी आली आणि रक्षणही झाले नाही, असा दुहेरी तोटा होतो. म्हणून फवाऱ्याचा कस कसा लावतात हे समजून घेणे, ही जयणेचीच एक बाजू मानावयास हवी.

डास एक नव्हे, तीन

नारळी-पोफळीच्या वाड्या, वाडीत विहीर, शिंपणासाठी बांधलेला हौद आणि सुरूच्या बनापलीकडे समुद्र, असे किहीमचे रूप आहे. याच गावात १९३० साली पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांनी सुगरण पक्ष्याच्या विणीचा अभ्यास केला. सुगरणीची घरटी तोवर सर्वांनीच पाहिलेली होती. पण रोज ठरलेल्या जागी बसून, कोणत्या घरट्यापाशी कोण आले आणि कोण गेले याची नोंद ठेवल्यावर सालिम अलींना उलगडा झाला. नर घरटे अर्धे विणतो, मादी ते पारखते, पसंत पडले तरच तेथे राहते. आणि मग तोच नर दुसरे घरटे विणून दुसऱ्या मादीची वाट पाहतो. डोळ्यांसमोरची गोष्टही नोंद ठेवल्यावाचून कळत नाही, हा या अभ्यासाचा धडा. डासांच्या बाबतीतही तो तितकाच लागू पडतो.

आपण ज्याला सरसकट डास म्हणतो, त्यात रोग पसरवणाऱ्या तीन निरनिराळ्या जाती मुख्य आहेत. पहिला एडिस. काळ्या अंगावर पांढरे पट्टे असलेला हा डास डेंग्यू आणि चिकुनगुनियाचा वाहक आहे. तो दिवसा चावतो, विशेषतः सकाळी उजाडल्यानंतर आणि सूर्यास्तापूर्वी. साठवलेल्या स्वच्छ पाण्यात, कुंडीखालच्या ताटलीत, करवंटीत, जुन्या टायरमध्ये, पोफळीच्या गळून पडलेल्या झावळीच्या खोलगट देठात साचलेल्या पाण्यातही त्याची पैदास होते. दुसरा अॅनॉफिलिस. हा रात्री चावतो आणि हिवताप पसरवतो. शहरांत आणि किनाऱ्यावर यातील स्टीफेन्सी नावाची जात विहिरी, हौद आणि गच्चीवरील टाक्यांत वाढते. तिसरा क्युलेक्स. तो घाण पाण्यात, गटारात आणि शौचालयाच्या टाकीत वाढतो, रात्री कानाशी गुणगुणतो आणि हत्तीरोगाचा वाहक ठरतो. तिन्हींमध्ये चावते ती फक्त मादी, कारण अंडी घालण्यासाठी तिला रक्त लागते.

आता बंगल्यातील संध्याकाळच्या फवाऱ्याकडे पाहावे. दिवे लागल्यावर मारलेल्या फवाऱ्याने जे डास पडतात, ते बहुधा क्युलेक्स असतात. कारण संख्येने तेच अधिक असतात आणि त्या वेळी तेच उडत असतात. डेंग्यूचा एडिस तोवर आपले काम उरकून पलंगाखाली, पडद्यामागे, कपाटाच्या कोपऱ्यात, जमिनीपासून फार उंच नसलेल्या अंधाऱ्या जागी विसावलेला असतो. खोलीच्या मध्यभागी हवेत मारलेला फवारा त्याच्यापर्यंत पुरेसा पोहोचत नाही. त्रास देणारा डास पडला आणि रोग देणारा डास राहिला, असा प्रकार होतो.

कस लावण्याची रीत

फवाऱ्याची शास्त्रीय परीक्षा कशी होते? १९२८ साली अमेरिकेत पीट आणि ग्रेडी या दोघांनी माश्यांवरील फवाऱ्याच्या परीक्षेसाठी एक खोली बनवली. प्रत्येक बाजूस सहा फूट, म्हणजे सुमारे १८० सेंटीमीटर, अशी ती चौकोनी पेटीच होती. आजही घरगुती फवाऱ्यांच्या परीक्षेत या ‘पीट-ग्रेडी’ खोलीचा उपयोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरगुती कीटकनाशकांच्या परीक्षेची नियमावली प्रसिद्ध केली. कॉइल, मॅट, विजेवर चालणारी लिक्विडची मशीन आणि दाबाखाली भरलेला फवारा, या सर्वांसाठी तिच्यात रीत आखून दिली आहे.

ही रीत व्यापाऱ्याला सहज समजेल अशी आहे. प्रयोगशाळेत वाढवलेल्या, ठराविक वयाच्या, रक्त न प्यायलेल्या माद्या मोजून घेतात आणि त्या खोलीत सोडतात. फवाऱ्याचा डबा आधी व नंतर तराजूवर ठेवून नेमके किती ग्रॅम द्रव्य बाहेर पडले ते पाहतात. मग घड्याळ लावून, दर काही वेळाने किती डास खाली पडले याची नोंद करतात. निम्मे डास पडण्यास किती मिनिटे लागली आणि शंभरातील नव्वद पडण्यास किती, हे दोन आकडे त्यातून निघतात. डबा किती ‘झटपट’ आहे, ते हे आकडे सांगतात.

पण परीक्षा येथे संपत नाही, आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. पडलेले सर्व डास अलगद गोळा करून स्वच्छ भांड्यात ठेवतात, त्यांना साखरेच्या पाण्यात भिजवलेला कापूस देतात आणि चोवीस तास वाट पाहतात. दुसऱ्या दिवशी त्यांतील किती मेले आणि किती पुन्हा उठून बसले, हे मोजतात. फवाऱ्याचा खरा कस या दुसऱ्या मोजणीत लागतो.

असे का, ते औषधाच्या स्वभावावरून कळेल. आजच्या घरगुती फवाऱ्यांतील मुख्य द्रव्ये पायरेथ्रॉइड या कुळातील असतात. शेवंतीच्या जातीच्या एका फुलातून मिळणाऱ्या पायरेथ्रम या नैसर्गिक द्रव्याच्या धर्तीवर ती बनवली गेली. १९४९ साली अॅलेथ्रिन तयार झाले आणि १९७३ साली इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथे परमेथ्रिन. ही द्रव्ये डासाच्या मज्जातंतूंवर आघात करून त्याला क्षणात लुळे पाडतात. मात्र मात्रा अपुरी पडली, तर डासाच्या शरीरातील विकरे ते विष मोडून काढतात आणि काही तासांनी डास पुन्हा उडू लागतो. म्हणूनच अनेक डब्यांत दोन द्रव्ये असतात, एक पाडणारे आणि दुसरे मारणारे. रात्री फरशीवर दिसलेला डास सकाळी झाडताना नाहीसा झालेला असेल, तर त्याचे श्रेय नेहमी मुंग्यांना देता येणार नाही.

परीक्षेतील आणखी एक दक्षता लक्षात घेण्याजोगी आहे. फवारा मुळीच न मारलेल्या वेगळ्या भांड्यातही तितकेच डास ठेवतात. प्रवासाने, उष्म्याने किंवा हाताळण्याने त्यांतील काही मेले, तर ती संख्या हिशेबातून वजा करण्याचे सूत्र अॅबट यांनी १९२५ साली दिले. न फवारलेल्या भांड्यातीलच डास फार मेले, तर सारी परीक्षा रद्द समजतात. आपल्या घरी असे दुसरे भांडे नसते. म्हणून पाऊस थांबल्यामुळे, वारा सुटल्यामुळे किंवा ऋतू पालटल्यामुळे डास कमी झाले, तरी त्याचे पुण्य आपण डब्याच्या खात्यावर जमा करतो.

शेवटी खोलीच्या मापाचाही विचार करावा. सहा फुटी पेटीचे आकारमान २१६ घनफूट. बारा फूट लांब, बारा फूट रुंद आणि दहा फूट उंच खोलीचे आकारमान १,४४० घनफूट, म्हणजे साडेसहा पटींहूनही अधिक. त्यातच कौलारू छप्पर, उंच आढे, झरोके आणि दाराखालची फट असेल, तर बंद पेटीत झालेल्या परीक्षेतील यश तेथे जसेच्या तसे मिळावे, ही अपेक्षाच चुकीची ठरते.

प्रयोगशाळेतील डास आणि गावातील डास

परीक्षेतील डास पिढ्यानपिढ्या प्रयोगशाळेत वाढलेले असतात. विषाशी त्यांचा कधी संबंध आलेला नसतो. गावातील डासांचे तसे नाही. ज्यांना विष बाधत नाही असे थोडे डास प्रत्येक ठिकाणी असतात. फवाऱ्याने बाकीचे मेले की या थोड्यांचीच प्रजा वाढते, आणि काही वर्षांनी तेच औषध निरुपयोगी ठरते.

आपल्या राज्याने हा अनुभव फार मोठ्या प्रमाणावर घेतला आहे. पॉल म्युलर यांनी १९३९ साली डीडीटीचा कीटकनाशक गुण शोधला आणि १९४८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच काळात, तेव्हाच्या मुंबई प्रांतातील धारवाड आणि कानडा जिल्ह्यांत डॉ. डी. के. विश्वनाथन यांच्या नेतृत्वाखाली घराघरांच्या भिंतींवर डीडीटी फवारून हिवताप आटोक्यात आणण्याचा मोठा प्रयोग झाला. हा फवारा हवेत मारावयाचा नव्हता. भिंतीवर बसलेल्या डासाच्या पायांना अनेक महिने औषध लागत राहावे, अशी त्याची योजना होती. त्याच्या यशातून १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम उभा राहिला आणि १९५८ साली त्याचे निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झाले. दरवर्षी कोट्यवधी लोकांना ग्रासणारा हिवताप १९६५ च्या सुमारास एक लाख रुग्णांपर्यंत उतरला.

पण १९५९ साली पंचमहाल जिल्ह्यातील डास डीडीटीला दाद देत नसल्याची नोंद झाली होती. हा जिल्हा तेव्हा द्विभाषिक मुंबई राज्याचाच भाग होता. पुढे ही तक्रार अनेक भागांतून येऊ लागली. देखरेखीतील ढिलाई आणि औषधांचा तुटवडा यांची त्यात भर पडली, आणि १९७६ साली देशात हिवतापाच्या सुमारे ६४ लाख रुग्णांची नोंद झाली. ज्या शस्त्रावर सर्व भिस्त ठेवली होती, त्याची धार अशी बोथट झाली.

पायरेथ्रॉइडच्या बाबतीत तोच इतिहास पुन्हा घडत आहे. दिल्लीतील एडिस डासांमध्ये या औषधाला न जुमानण्यास कारण ठरणारा आनुवंशिक बदल आढळल्याचे २०१५ साली प्रसिद्ध झाले. मेक्सिकोतील मेरिदा शहरात संशोधकांनी रिकाम्या घरांत बाजारातील नेहमीचे फवारे मारून पाहिले. औषधाची सवय नसलेले प्रयोगशाळेतील एडिस त्यांत मोठ्या प्रमाणात मेले. स्थानिक, प्रतिरोध असलेल्या एडिसपैकी बहुतेक मात्र जगले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने एक गंभीर शंकाही मांडली. घरोघरी रोज मारला जाणारा अर्धवट फवाराच डासांना औषधाचा सराव करून देत असावा, अशी ती शंका होती.

डासांना औषध बाधते की नाही हे पाहण्याची जागतिक आरोग्य संघटनेची वेगळी परीक्षा आहे. औषध लावलेला कागद नळीत आतून बसवतात आणि गावातून आणलेल्या डासांना त्यात एक तास ठेवतात. चोवीस तासांनंतर शंभरातील ९८ किंवा अधिक मेले, तर औषध चालते असे मानतात. ९० पेक्षा कमी मेले, तर प्रतिरोध निश्चित समजतात. मधल्या आकड्यांना पुन्हा तपासणी लागते. शंभरातील ८५ डास मेले तर आपण त्यास मोठे यश म्हणू. शास्त्र त्यास धोक्याची खूण म्हणते, कारण उरलेल्या पंधरांतूनच पुढची पिढी जन्म घेणार असते.

फवारा वापरायचाच झाला तर

याचा अर्थ फवारा सर्वस्वी टाकाऊ आहे, असा नाही. घरात डेंग्यूचा रुग्ण असेल, तर त्याला चावलेला डास इतरांना रोग देऊ शकतो. अशा वेळी त्या खोलीतील डासांचा त्वरित बंदोबस्त करावा लागतो. मात्र वापर विचारपूर्वक असावा. डब्यावरील सूचना वाचून, खोलीच्या मापाप्रमाणे सांगितलेले सेकंदच फवारावे. खिडक्या-दारे लावून पलंगाखाली, पडद्यामागे, कपाटाच्या आडोशाला फवारा जाईल असे पाहावे, लगेच बाहेर पडावे आणि डब्यावर लिहिलेला वेळ गेल्यावर खोली उघडून हवा खेळू द्यावी. एडिससाठी सकाळची किंवा सूर्यास्तापूर्वीची वेळ साधावी. हवेत मारलेल्या फवाऱ्याचा असर टिकत नाही, हे ध्यानात ठेवावे. तासाभराने उघड्या खिडकीतून नवे डास येतातच.

काही दक्षता प्रत्येक घरात पाळल्या गेल्या पाहिजेत. अन्न आणि पाणी झाकून ठेवावे. तान्ही मुले, गरोदर स्त्रिया आणि दम्याचे रुग्ण यांना खोलीबाहेर न्यावे. पायरेथ्रॉइड माशांना आणि मांजरांना फार घातक असते. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे, डब्यातील वायू पेट घेणारा असतो. देवघरात दीप तेवत असताना किंवा स्वयंपाकघरात शेगडी चालू असताना फवारा कदापि मारू नये. फवाऱ्याऐवजी रात्रभर कॉइल लावणे हा निर्धोक पर्याय नव्हे. एक कॉइल जळून निघणारे सूक्ष्म धूलिकण ७५ ते १३७ सिगारेटींतून निघणाऱ्या कणांइतके भरतात, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत दिसून आले.

दुकानाच्या फळीवर

आपल्या वाचकांपैकी अनेकांचा संबंध या मालाशी गिऱ्हाईक म्हणून जितका, तितकाच विक्रेता म्हणूनही येतो. १९५८ साली केरळ आणि मद्रास राज्यांत विषबाधेने शंभराहून अधिक माणसे दगावली. जहाजातून आलेल्या खाद्यमालात, त्याच्याबरोबर ठेवलेले कीटकनाशक मिसळले होते. या दुर्घटनेच्या चौकशीतून पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा आला. त्यानुसार कोणतेही कीटकनाशक नोंदणीशिवाय विकता येत नाही, आणि नोंदणीसाठी त्याच्या परिणामकारकतेचे व सुरक्षिततेचे पुरावे द्यावे लागतात. पिठाच्या पोत्याशेजारी डासांच्या औषधाचे खोके रचणाऱ्या प्रत्येक दुकानदाराने ही हकिकत मनात ठेवावी.

माल घेताना डब्यावर नोंदणी क्रमांक, द्रव्यांची नावे व प्रमाण, निर्मितीची आणि मुदत संपण्याची तारीख पाहावी. विषाची तीव्रता दाखवणारा रंगीत चौकोन असतो. लाल सर्वांत तीव्र, मग पिवळा, निळा आणि हिरवा. बाजारात डास पळवणाऱ्या अशा अगरबत्त्याही येतात, ज्यांच्या वेष्टनावर यांतील काहीच नसते. ‘वनस्पतीजन्य’ हा शब्द मात्र ठळक असतो. आत नोंदणी नसलेले रसायन असण्याचा संभव असतो, आणि तो धूर बंद खोलीत लहान मुलाच्या श्वासात जातो. अशा मालात नफा अधिक सुटतो, हे खरे. परंतु खऱ्याच्या जागी खोटे देणे म्हणजे प्रतिरूपक व्यवहार, आणि राज्याचा नियम डावलून व्यापार करणे म्हणजे विरुद्धराज्यातिक्रम. या दोन्ही गोष्टी आपल्या शास्त्रांनी अचौर्य व्रताचे अतिचार म्हणून सांगितल्या आहेत. पंधरा कर्मादानांत तर विषवाणिज्याचाच उल्लेख आहे. त्यामुळे काही घराण्यांनी हा माल फळीवर ठेवणेच सोडले आहे. काहींनी गिऱ्हाइकाची गरज म्हणून ठेवला आहे. तो निर्णय ज्याचा त्याने आपल्या गुरुजनांच्या सल्ल्याने करावा. पण ठेवायचाच असेल, तर नोंदणी असलेला, मुदतीतला आणि वापराची रीत समजावून सांगून विकलेलाच असावा.

पाण्याची परीक्षा

आता मूळ प्रश्नाकडे यावे. ज्या घरात आठवड्यातून चार वेळा फवारा मारावा लागतो, त्या घराने डब्याची नव्हे, पाण्याची परीक्षा करावयास हवी.

मुंबईने हे शतकापूर्वीच पाहिले. सी. ए. बेंटले यांनी मुंबईतील हिवतापाची चौकशी करून १९११ साली अहवाल दिला. शहरातील हिवतापाचे मूळ स्टीफेन्सी डासात आणि त्या डासाचे घर विहिरींत आहे, असे त्यांनी दाखवले. विहिरी बुजवण्यास धर्मभावनेमुळे अनेक समाजांतून विरोध झाला, आणि तो समजण्यासारखा होता. पुढे पुष्कळ विहिरी बुजवल्या गेल्या. जेथे पाणी धर्मकार्यासाठी लागत होते, तेथे घट्ट झाकणांचा आणि बारीक जाळीचा मार्ग निघाला. गोव्यात १९८६ पासून पणजी आणि पुढे कांदोळीच्या किनारी भागात हिवताप वाढला, तेव्हाही कारण तेच होते. इमारतींची बांधकामे, त्यांतील उघडे हौद आणि विहिरी, आणि त्यांत वाढणारा स्टीफेन्सी. तेथे केवळ फवारणीवर न विसंबता, अळ्या खाणारे स्थानिक मासे आणि अळ्यांना मारणारे जिवाणू पाण्यात सोडून हिवताप आटोक्यात आणल्याचे १९९८ साली प्रसिद्ध झाले. बंगले, तरणतलाव आणि बांधकामे वाढत चाललेल्या किहीमसारख्या किनारी गावाला गोव्याचा हा अनुभव फार जवळचा आहे.

मासे सोडणे किंवा जिवाणू टाकणे यांतही हिंसा आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याआधीची एक पायरी आहे, आणि तेथे हिंसा जवळजवळ नाही. अंड्यापासून उडणारा डास होण्यास उष्ण हवेत साधारण सात ते दहा दिवस लागतात. पाणी झाकलेले असेल, तर मादी तेथे अंडीच घालू शकत नाही. मग ना अळी, ना डास, ना फवारा. पाणी दुहेरी कापडातून गाळून झाकून ठेवावे, उघडे राहू देऊ नये, हा आपल्या आजी-पणजींचा नेम. तो जीवदयेसाठी होता. रोगनिवारणाच्या दृष्टीनेही त्याहून चांगला उपाय आज कोणी सांगू शकणार नाही.

आरोग्य खाते आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळण्यास सांगते, त्याचे कारण हेच सात दिवस. या दिवशी पिंप, रांजण, फुलदाण्या आणि कूलर रिकामे करून आतून घासावे. केवळ पाणी ओतून भागत नाही. एडिसची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरड्यातही अनेक महिने टिकून पाणी मिळताच फुटतात. आठवडा न चुकवता हे केले, तर अळ्या होण्याची वेळच सहसा येत नाही. त्या झाल्यावर पाणी जमिनीवर ओतावे की काय, या धर्मसंकटात पडण्यापेक्षा आधीची चार मिनिटे सोपी आहेत.

बंद बंगल्याचे मात्र दुखणे वेगळे आहे. मालक मुंबईत, राखणदार बाहेरच्या खोलीत आणि गच्चीवरील टाकी चार महिने अर्धवट झाकलेली. तिच्यातून निघालेला डास केवळ मालकाला चावत नाही. शेजारच्या वाडीत राबणाऱ्या कुटुंबाला तो आधी चावतो. म्हणून पावसाळ्याआधी बंगला बंद करतानाच टाकीचे झाकण घट्ट बसवावे, तिच्या उपळीच्या नळीला आणि शौचालयाच्या वायुनलिकेला बारीक जाळी बांधावी, कुंड्यांखालच्या ताटल्या उचलून ठेवाव्यात, शोभेचे कुंड कोरडे करावे, विहिरीवर जाळी बसवावी. राखणदाराला दर आठवड्याला फिरून पाहावयाच्या जागांची यादी द्यावी आणि या कामाचा मोबदलाही द्यावा. शयनगृहांच्या खिडक्यांना जाळी आणि पलंगावर मच्छरदाणी असली, तर रात्रीच्या दोन्ही डासांपासून बचाव होतो. दुपारी झोपणाऱ्या तान्ह्या मुलालाही मच्छरदाणी लावावी, कारण एडिस दिवसाचा आहे. तापाच्या पहिल्या आठवड्यात रुग्णाला दिवसाही मच्छरदाणीत ठेवले, तर त्याच्यापासून घरातील इतरांना रोग लागत नाही.

गृहस्थाला आरंभी आणि विरोधी हिंसा पूर्णपणे टाळता येत नाही, हे आपल्या आचार्यांनी ओळखले होते. पण न टाळता येणारी हिंसा आणि निष्काळजीपणामुळे ओढवलेली हिंसा यांत त्यांनी अंतर केले. उघड्या टाकीत डास वाढू देऊन मग त्यांच्यावर फवारा मारणे, हे दुसऱ्या प्रकारात मोडते. पावसाळ्यात जीवोत्पत्ती वाढते म्हणूनच साधु-साध्वी चातुर्मासात एका ठिकाणी स्थिर राहतात. त्या चार महिन्यांत आपणही आठवड्यातून एकदा हातात विजेरी घेऊन घराभोवती फिरावे, पाण्याची प्रत्येक जागा पाहावी आणि वहीत नोंद करावी. किती जागा उघड्या सापडल्या आणि पुढच्या आठवड्यात किती उरल्या, याचा हिशेब व्यापारी घराला काही अवघड नाही. हा आकडा शून्यावर आला की फवाऱ्याचा डबा फळीवरच पडून राहील, आणि तो तसाच पडून राहणे हाच त्याचा उत्तम उपयोग होय.